कंबर दुखते, मग व्यायाम पोटाचा कशाला?

तुम्ही विचारलंय की आईंची कंबर दोन महिने दुखतेय, एमआरआयमध्ये मणक्यांमधली गादी थोडी सरकलेली दिसतेय आणि फिजिओने पोटाचे व्यायाम दिलेत. त्यापेक्षा पट्टा बांधला तर भागणार नाही का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हा प्रश्न रोज येतो. पट्टा वाईट नाही. दुखणं जोरात असेल तेव्हा थोडे दिवस, किंवा लांबच्या एसटी प्रवासात खुशाल लावू द्या. पण नुसत्या पट्ट्यावर भागत नाही.

स्नायू काढून टाकलेला, फक्त हाडं आणि लिगामेंट (हाडांना हाडं जोडणारे चिवट बंध) उरलेला कंबरेचा कणा प्रयोगशाळेत जेमतेम 90 न्यूटनला, म्हणजे नऊ-दहा किलोच्या भाराला वाकतो. नुसतं उभं राहिलं तरी आपल्या कंबरेवर त्याच्या कितीतरी पट भार असतो. तो पेलला जातो स्नायूंमुळे. त्यातला ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस पोटाला आडवा वेढा घालतो, मल्टिफिडस मणक्यांना चिकटून असतो. हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी 1996 मध्ये दाखवलं, की धडधाकट माणूस हात उचलतो तेव्हा पोटाचा हा आडवा स्नायू हाताच्याही आधी कामाला लागतो. जुनी कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होतो. म्हणजे ताकद असूनही वेळ चुकते. त्याच वर्षी हाइड्स या संशोधिकेच्या अभ्यासात दिसलं, की दुखणं थांबलं तरी बारीक झालेला मल्टिफिडस आपोआप भरून येत नाही.

आईंना पाठीवर झोपवा, गुडघे वाकवून. कंबरेच्या पुढच्या हाडाच्या किंचित आत त्यांचीच बोटं ठेवायला सांगा. परकराची नाडी बांधताना पोट जेवढं आत घेतो तेवढंच, हळूच, बेंबीखाली आत घ्यायचं. बोटांखाली हलका ताण लागला की झालं. बहुतेक जण इथे श्वास कोंडतात आणि छाती फुगवतात, म्हणून मी रुग्णाला मोठ्याने आकडे मोजायला लावते. बोलता येतंय म्हणजे श्वास चालू आहे. हे जमलं की तोच ताण उठण्या-बसण्यात आणायचा: आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, मग हाताने रेटून उठायचं. दिवसभर पोट आवळून फिरायला कोणी सांगितलं असेल तर ऐकू नका, त्याने कंबर उलट ताठरते. आणि व्हॉट्सॲपवरचे दोन-दोन मिनिटांचे प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ धरून ठेवायचा व्यायाम) तर आत्ता नकोच.

खरं सांगायचं तर ‘कोअर’चं, म्हणजे पोट-कंबरेच्या या आतल्या स्नायूंचं, आमच्याच लोकांनी जरा स्तोम माजवलंय. लांबच्या पल्ल्यात हे खास व्यायाम आणि साधे नियमित व्यायाम यांच्या परिणामांत फारसा फरक निघत नाही. आईंना चालायची आवड असेल तर झेपेल तेवढं रोज चालू द्या, तेही औषधच.

मात्र लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.