चुकून सिलेक्ट झालेला सेल सोडवायचा कसा?

या वेळी आलेल्या पत्रांतली चार पत्रं एकाच दुखण्याची निघाली: एक्सेलच्या शीटमध्ये सेल (म्हणजे एकेक चौकोन) सिलेक्ट करणं आणि नको तो सेल सोडवणं. मी गावच्या दूध संस्थेत एकोणीस वर्षं हिशेब लिहिला, आता तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटरचा क्लास घेते. क्लासला येणाऱ्यांना धास्ती असते ती फॉर्म्युल्याची. पण मी पाहिलेल्या चुका बहुतेक सिलेक्शनच्या होत्या. म्हणून आजची सगळी जागा याच विषयाला.

प्रश्न : आमच्या सोसायटीत ८४ फ्लॅट आहेत. मेंटेनन्स न भरलेल्यांच्या नावांना पिवळा रंग द्यायचा म्हणून मी कंट्रोल दाबून एकेक नाव सिलेक्ट करतो. वीस-बावीस नावं झाली की एखादं चुकीचं क्लिक होतं. त्यावर पुन्हा क्लिक केलं तर ते सुटत नाही, उलट जास्तच गडद दिसतं. बोट जरा ढिलं पडलं की सगळंच जातं. सोसायटीच्या कॉम्प्युटरवर २०१३ चं एक्सेल आहे. मुलाच्या लॅपटॉपवर मात्र हेच नीट होतं. वय ६७. माझं काय चुकतंय?
– खजिनदार, डोंबिवली

काका, तुमचं काहीही चुकत नाही. कंट्रोल दाबून त्याच सेलवर दुसऱ्यांदा क्लिक केलं की तो सेल सुटतो, ही सोय एक्सेल २०१९ मध्ये आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आली. तुमच्या २०१३ मध्ये ती नाहीच. तिथे दुसरं क्लिक म्हणजे तोच सेल आणखी एकदा सिलेक्ट करणं, म्हणून तो गडद दिसतो. एवढी साधी सोय यायला इतकी वर्षं लागली याचं मला अजून वाईट वाटतं, कारण तोपर्यंत किती कारकुनांनी पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात केली असेल!

मुलाच्या लॅपटॉपवर काम करणार असाल तर उलट्या बाजूने या. पहिल्या नावावर क्लिक करा, मग शिफ्ट दाबून शेवटच्या नावावर. ८४ च्या ८४ नावं सिलेक्ट झाली. आता कंट्रोल दाबून धरा आणि ज्यांनी पैसे भरलेत त्यांच्यावर क्लिक करत चला, एकेक सुटत जाईल. सलग पाच-सहा जणांनी भरले असतील तर कंट्रोल दाबूनच त्यांच्यावरून माऊस ओढा. ओढायला सुरुवात मात्र सिलेक्ट असलेल्या सेलपासून करायची, नाहीतर सुटण्याऐवजी नवे सेल जोडले जातील. मॅक असेल तर कंट्रोलच्या जागी कमांड. लिब्रे ऑफिसच्या कॅल्क या एक्सेलसारख्याच प्रोग्राममध्येही कंट्रोल-क्लिकने सेल सुटतो, आणि ते फुकट मिळतं. सोसायटीला नवीन एक्सेलचा खर्च नको असेल तर कमिटीपुढे हा पर्याय ठेवा.

२०१३ वरच काम करायचं असेल तर सगळी नावं आधी गोळा करून मग रंग देणं सोडून द्या. पहिल्या थकीत नावाला पिवळा रंग द्या. पुढच्या नावावर जा आणि एफ ४ दाबा. शेवटची क्रिया तिथे पुन्हा होते, म्हणजे तोच रंग लागतो. पुढचं नाव, एफ ४. चुकीच्या नावाला रंग लागला तर कंट्रोल झेड, तेवढाच एक रंग जाईल. मधेच दाराची बेल वाजली तरी उठून या, केलेलं काम जागच्या जागी असेल. बोट दुखण्याचं म्हणाल तर शिफ्ट आणि एफ ८ एकत्र दाबून सोडा, खालच्या पट्टीत ‘अ‍ॅड टू सिलेक्शन’ अशी सूचना येते. मग कंट्रोल न दाबताही प्रत्येक क्लिकने सेल जोडला जातो. काम झालं की एस्केप.

इथे एक धोका सांगायलाच हवा. बोट सुटून सिलेक्शन गेलं की हात आपोआप कंट्रोल झेडकडे जातो. सिलेक्शन त्याने परत येत नाही. त्याआधी तुम्ही शीटमध्ये जो खरा बदल केला असेल, एखादी पावतीची रक्कम भरली असेल, ती मात्र पुसली जाते, आणि तुमचं लक्ष हरवलेल्या पिवळ्या नावांकडे असल्यामुळे ते दिसतही नाही. चुकून दाबलंच तर लगेच कंट्रोल वाय, पुसलेलं परत येईल.

माझं खरं सांगणं पुढेच आहे. कोण थकीत आहे हे माऊसने ठरवूच नका, शीटलाच विचारा. तुमच्याकडे ‘पैसे भरल्याची तारीख’ असा कॉलम असेलच. नसेल तर आजच करा. डेटा मेनूतून फिल्टर लावा, तारखेच्या कॉलमवरचा बाण उघडा, सगळ्या खुणा काढून फक्त तळाची ‘ब्लँक्स’ ठेवा. ज्यांची तारीख रिकामी आहे तेवढेच फ्लॅट समोर उरतील. आता नावं वरपासून खालपर्यंत सलग सिलेक्ट करून रंग द्या, तो दिसणाऱ्या ओळींनाच लागेल. थकीत रकमांचा कॉलम सिलेक्ट केलात तर खालच्या पट्टीत थकबाकीची बेरीजही दिसेल, तीही दिसणाऱ्या ओळींचीच. सिलेक्शन एका क्लिकने जातं. कॉलममध्ये लिहिलेली तारीख राहते, आणि उद्या तुमच्या जागी दुसरे खजिनदार आले तरी त्यांना ती वाचता येते.

याच फिल्टरबद्दल एक इशारा. फिल्टर लावलेला असताना बाहेरून कॉपी केलेल्या चार-पाच ओळी तिथे पेस्ट करू नका. त्या लपलेल्या ओळींवरही जाऊन बसतात, आणि फिल्टर काढेपर्यंत पत्ता लागत नाही.

फॉर्म्युला लिहिताना कंट्रोल-क्लिक करत असाल तर आणखी सांभाळा. बेरजेसाठी ‘सम’ (SUM) लिहून कंस उघडला आणि कंट्रोल दाबून सेल निवडत गेलात की प्रत्येक क्लिकला त्या सेलचा पत्ता स्वल्पविरामाने पुढे जोडला जातो. एकच सेल दोनदा क्लिक झाला तर त्याची रक्कम बेरजेत दोनदा धरली जाते. १८०० ची पावती ३६०० होते आणि कुठलीही सूचना येत नाही. एंटर दाबण्याआधी वरच्या पट्टीतला फॉर्म्युला बोट ठेवून वाचा. माझ्या क्लासमध्ये हे मी प्रत्येकाकडून मोठ्याने वाचून घेते.

प्रश्न : निकालपत्रक करताना अचानक असं होतं की बाणाची कळ दाबली की कर्सर पुढे जाण्याऐवजी निळा पट्टा पसरत जातो. माऊसचं बटण दाबलेलं नसतं. फाइल बंद करून उघडली की ठीक होतं. माऊस बदलून झाला. लॅपटॉप दुरुस्तीला द्यावा का?
– जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

नाही ताई, दुरुस्तीला देऊ नका. तुमच्याकडून एफ ८ दाबलं जात असणार. त्या कळीने सिलेक्शन वाढवण्याची अवस्था सुरू होते आणि ती बंद करेपर्यंत चालू राहते. खालच्या पट्टीच्या डाव्या कोपऱ्यात ‘एक्स्टेंड सिलेक्शन’ असं लिहून आलेलं दिसेल. एस्केप दाबा, किंवा पुन्हा एफ ८. एवढं करूनही पट्टा पसरतच राहिला तर शिफ्टची कळ अडकली आहे का बघा. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की ‘स्टिकी कीज’ (शिफ्टसारखी कळ सोडली तरी दाबलेलीच धरायची सोय) सुरू करायची का असं विचारतं, घाईत तिथे ‘येस’ म्हटलं जातं. ते बंद करून टाका.

पट्टा पसरलेला असताना घाबरून कुठलीही कळ दाबू नका, विशेषतः डिलीट. आधी एस्केप, मग सिलेक्शन सोडायला कुठल्याही एका सेलवर साधं क्लिक. सिलेक्ट असलेल्या भागातल्या मूळ सेलवरच राहायचं असेल तर शिफ्ट आणि बॅकस्पेस.

प्रश्न : द्राक्षाच्या व्यवहाराची बारा महिन्यांची बारा शीट्स एकाच फाइलमध्ये आहेत. मार्चच्या शीटमध्ये एक दर बदलला, तर बाराही महिन्यांत त्याच सेलमध्ये तोच दर आला. असं कसं?
– एक बागायतदार, निफाड

दादा, खालचे बाराही टॅब एकत्र सिलेक्ट झालेले होते. एका टॅबवर क्लिक करून शिफ्ट दाबून शेवटच्या टॅबवर क्लिक केलं की मधली सगळी शीट्स निवडली जातात, आणि मग एका शीटमध्ये लिहिलेलं सगळ्यांत उमटतं. फाइलच्या नावापुढे ‘ग्रुप’ असा शब्द दिसतो, पण तो इतका बारीक की काम करणाऱ्याची नजर तिकडे जात नाही. कुठल्याही टॅबवर राइट क्लिक करून ‘अनग्रुप शीट्स’ घ्या. बारा शीटना एकदाच मथळे द्यायचे असतील तर ही सोय फार कामाची आहे, मथळे झाले की त्याच क्षणी सोडवायची. फाइल अजून उघडीच असेल तर कंट्रोल झेडने मागे या. सेव्ह करून बंद केली असेल आणि जुनी प्रतही कुठे नसेल तर अकरा महिन्यांचे दर विक्रीच्या हिशेबपट्ट्यांवरून पुन्हा भरावे लागतील.

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या यादीत नावं अ ते ज्ञ अशी लावायला गेले. नावांचा कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट केलं. नावं लागली, पण हप्त्यांचे आकडे जागचे हलले नाहीत. आता कुणाच्या नावापुढे कुणाचा हप्ता आहे तेच कळत नाही. फाइल सेव्ह करून बंद केली. गटात १७ जणी आहेत. मला झोप लागत नाहीये.
– बचत गटाची सचिव, वाळवा तालुका

ताई, तुमचं पत्र वाचून माझ्या पोटात कालवलं, कारण नेमकं हेच माझ्या हातून झालं होतं. संस्थेत २१२ उत्पादक होते. दर दहा दिवसांनी बिल निघायचं. पासबुकं नावाच्या क्रमाने लावलेली होती, म्हणून मी शीटमधली नावंही तशीच लावायला गेले. तेव्हा एक चौकट आली होती, ती तुम्हालाही आली असेल. शेजारी आणखी माहिती आहे, सिलेक्शन वाढवू की आहे तेवढ्यावरच पुढे जाऊ, असं ती इंग्रजीत विचारते. मी ती न वाचता दुसरा पर्याय घेतला. नावं हलली, लिटर आणि फॅट हलले नाहीत. बिलांच्या चिठ्ठ्या छापून वाटल्या.

चूक पकडली ती एका म्हशीच्या धनीणबाईंनी. त्यांच्या चिठ्ठीवर दहा दिवसांचं ३९० लिटर दूध आलं होतं. त्या संध्याकाळच्या संकलनाला आल्या, चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, “बाई, हे माझं न्हवं. माझी म्हस एवढं देत न्हाई.” त्या गप्प बसल्या असत्या तर पैसे त्यांच्या खात्यावर गेले असते. आजही सॉर्टच्या बटणावर बोट गेलं की मला ती चिठ्ठी दिसते.

आता तुमचं काम. फाइल उघडी असती तर कंट्रोल झेडने सगळं परत आलं असतं, अगदी सेव्ह केल्यावरही. बंद केल्यावर ते जातं. म्हणून पुन्हा सॉर्ट करून जुळवायचा प्रयत्न करू नका, जुना क्रम फाइलमध्ये कुठेच उरलेला नाही. त्या फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवून द्या. पेन ड्राइव्हवर किंवा कुणाला पाठवलेल्या मेलमध्ये जुनी फाइल आहे का ते आधी शोधा. नसेल तर गटाचं हप्त्यांचं रजिस्टर आणि सभासदांची पासबुकं घ्या.

पुढच्या वेळी सॉर्ट करण्याआधी सगळ्यात डावीकडे अनुक्रमांकाचा एक कॉलम घाला, १ ते १७ आकडे टाका. काहीही क्रम लावला तरी सगळी ओळ एकत्र हलली असेल तर त्या कॉलमवरून मूळ क्रम परत लावता येतो. नावांचा पूर्ण कॉलम सिलेक्ट करू नका. नावांपैकी एकाच सेलवर क्लिक करा आणि सॉर्ट करा. एक्सेल लागून असलेला सगळा तक्ता स्वतःच धरतं आणि ओळीच्या ओळी हलवतं. मात्र तक्त्याच्या मध्ये दिसायला बरं म्हणून रिकामा कॉलम सोडलेला नको. रिकाम्या कॉलमपाशी एक्सेल तक्ता संपला असं मानतं, पलीकडचे आकडे जागेवर राहतात, आणि अशा वेळी ती चौकटही येत नाही. एक्सेलने किती भाग धरला हे बघायचं असेल तर तक्त्यातल्या एका सेलवर क्लिक करून कंट्रोल ए दाबा. निळ्या रंगाबाहेर एकही हप्ता राहिलेला नको.

रजिस्टरवरून भरताना एकटीने भरू नका. गटातल्या एखादीला सोबत घ्या. तिने नाव आणि हप्ता मोठ्याने वाचायचा, तुम्ही भरायचा, आणि पान संपलं की तुम्ही स्क्रीनवरून वाचायचं, तिने रजिस्टरवर पेन्सिलने टिक मारायची. आम्ही २१२ नावं तशीच जुळवली, रात्री अकराला संपली. १७ जणींचं काम दुपारच्या जेवणाआधी होईल. गटाच्या बैठकीत ते स्वतःहून सांगा आणि दुरुस्त केलेली यादी सगळ्यांसमोर वाचून दाखवा.