औषध तेवढंच, मग बिघडलं कुठे?

प्रश्न : मी फार्मसीच्या पहिल्या वर्षाला आहे. फार्माकॉलॉजी, म्हणजे औषध शरीरात काय करतं ते, मनापासून आवडते, पण फार्मास्युटिक्समध्ये, म्हणजे औषधाची गोळी-कॅप्सूल कशी बनवायची त्यात, लॅक्टोज, स्टार्च, टाल्क यांचीच घोकंपट्टी चालते. रोग बरा करतं ते औषध. मग गोळीतल्या भरीचा एवढा अभ्यास कशाला?

उत्तर : माझ्या वर्गात हा विषय मी एका घटनेपासून सुरू करते. १९६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये अपस्माराच्या बऱ्याच रुग्णांना त्रास होऊ लागला. चालताना तोल जायचा, एकाचे दोन दिसायचे. सगळे फेनिटॉइन हे अपस्माराचं औषध घेणारे. डोस वाढला नव्हता, कॅप्सूलमध्ये औषधही पूर्वीइतकंच होतं. बदलली होती फक्त भर : कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आलं होतं. कॅल्शियम सल्फेटसोबत फेनिटॉइनचा काही भाग शोषलाच जात नव्हता, तो आता रक्तात उतरू लागला. त्यात फेनिटॉइन मोडणारी यकृतातली एन्झाइम्स एका मर्यादेपर्यंतच काम उरकतात. त्या मर्यादेजवळ थोडं जरी जास्त शोषलं गेलं, तरी रक्तातली पातळी झपाट्याने चढते. हा दुसरा भाग तुझ्या आवडत्या फार्माकॉलॉजीचा. पण निव्वळ तेवढ्यावर त्या रुग्णांना काय झालं हे कळलं नसतं.

प्रॅक्टिकलला मॅग्नेशियम स्टिअरेट चिमटीत घेऊन बघ. किती निसरडं लागतं! गोळी डायला, म्हणजे ती दाबून घडवायच्या साच्याला, चिकटू नये म्हणून ते साधारण अर्धा ते एक टक्का, अगदी शेवटी आणि थोडाच वेळ मिसळतात. जास्त वेळ मिसळलं तर ते कणाकणावर पसरतं, पाणी आत शिरू देत नाही आणि गोळी विरघळायला उशीर होतो. सरांना विचारून दोन्ही प्रकारे गोळ्या करून बघ. गोळी किती वेळात फुटते हे पाहायच्या डिसइंटिग्रेशनच्या यंत्रात, ३७ अंशांच्या पाण्यात सहा नळ्या वरखाली होत असताना तिथून हलू नकोस.

पुढे काउंटरवर उभं राहिल्यावर रुग्णाचे नातेवाईक हमखास विचारतात, "गोळी गिळवत नाही, चुरून देऊ का?" साध्या गोळीचं बहुधा चालतं. पण एन्टेरिक कोटिंगची, म्हणजे जठरात न विरघळणाऱ्या आवरणाची, पँटोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी चुरली, तर औषध जठरातल्या आम्लातच खराब होतं. सस्टेन्ड रिलीजची गोळी चुरली, तर दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम अंगात जातं, आणि काही औषधांच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकतं. हे तिथल्या तिथे सांगणारं माणूस म्हणजे तू असणार आहेस.

घोकंपट्टी मात्र सोड. वहीत प्रत्येक घटकापुढे दोनच गोष्टी लिही : तो इथे का घातला, आणि काढला तर काय बिघडेल. अडलं तर पुन्हा लिही.