बँकेच्या स्लिपा भरून देण्याला देवाच्या लेखी काही किंमत आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही तालुक्याच्या गावी बँकेत कारकून आहात. लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना पैसे काढायच्या स्लिपा भरून देता. पण जगातली एवढी दुःखं बघून वाटतं, याने कोणाचं काय होणार? ख्रिस्ती माणूस याकडे कसा बघतो, असं तुम्ही विचारलंय.

मी ख्रिस्ती आहे, भुसावळची, पेशाने नर्स, सध्या धुळ्याला असते. चर्चच्या पाळकांसारखं (धर्मगुरूंसारखं) शास्त्र उलगडून सांगता येणार नाही. जे बघितलं आणि ज्यावर माझा भरवसा आहे, ते लिहिते.

आजोबा रेल्वेत होते. आमच्या घराच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली आजीनं एक रांजण अर्धा पुरून ठेवला होता. भोवती ओलं गोणपाट, तोंडावर लाकडी झाकण, लांब दांडीचं ओगराळं आणि साखळीला बांधलेला स्टीलचा पेला. भुसावळचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. पारा ४५ च्या वर जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तापी इतकी जवळ असूनही नळाला रोज पाणी येत नसे. तरी नळ आला की पहिले दोन हंडे रांजणात जायचे, मग घरात. आईला ते पटायचं नाही, आणि तिचंही काही चूक नव्हतं, कारण कधी कधी घरचं पिंप भरायच्या आत नळ जायचा.

हमाल यायचे, केळीच्या ट्रकवरची पोरं यायची, भंगारवाले यायचे. कोण, कुठला, कोणत्या जातीचा, आजी विचारायची नाही. आणि तिचा एक नियम होता: आम्ही नातवंडं बाहेरून आलो की त्याच पेल्यानं प्यायचं. घरातला वेगळा पेला मागितला तर मिळायचा नाही. पाण्यावरूनच माणसं तोडलेल्या आपल्या देशात त्या नियमाचा अर्थ काय होता, हे मला फार उशिरा कळलं.

येशूनं ज्या कामाला प्रतिफळाचं वचन जोडलं, ते बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, १० व्या अध्यायाच्या शेवटी वाचा. लहानांतल्या एखाद्याला गार पाण्याचा एक प्याला. मला त्यातला ‘गार’ हा शब्द फार मोलाचा वाटतो. तोही उन्हाचाच मुलूख. तिथे गार पाणी आपोआप मिळत नाही. कोणीतरी ते आधी भरून, सावलीत ठेवून, झाकून राखलेलं असतं. पेलाभर पाण्यात कोणाची तरी आदल्या दिवशीची आठवण असते, की उद्या इथून कोणीतरी तहानेलं जाईल.

आता वॉर्डातलं सांगते. पोटाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला काही तास तोंडाने पाणी द्यायचं नसतं. काही वर्षांपूर्वी शिरपूरकडचे एक शेतमजूर बाबा रात्रभर ‘माय, पाणी’ म्हणत होते. देता तर येत नव्हतं. मी गॉजचा बोळा ओला करायची, घट्ट पिळायची आणि त्यांच्या ओठांवरून फिरवायची. अर्ध्या तासानं पुन्हा. बाबा तो बोळा ओठांत धरून ठेवायचे, मला हळूच सोडवून घ्यावा लागायचा. पहाटे तिनाच्या सुमारास एकदम आठवलं, की ज्यानं पाण्याच्या प्याल्याचं वचन दिलं तोच वधस्तंभावर ‘मला तहान लागली आहे’ म्हणाला होता, आणि तिथल्या लोकांनी आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, भिजवलेला स्पंज काठीवरून त्याच्या तोंडाला लावला होता. त्या रात्रीनंतर हे काम मला कधी किरकोळ वाटलं नाही.

मत्तयाच्याच २५ व्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा, म्हणजे येशूच, म्हणतो, मी तान्हेला होतो तेव्हा तुम्ही मला प्यायला दिलं. नीतिमान लोक गोंधळून विचारतात, प्रभू, कधी? त्यांना आठवतच नाही! म्हणून मी याला पुण्याची शिल्लक मानत नाही. आमच्या विश्वासात तारण, म्हणजे पापातून सुटका, हे देवाच्या कृपेनं मिळतं, कामांच्या बेरजेनं नाही. कामं त्या कृपेतून आपसूक निघतात, आणि करणारा ती विसरूनही जातो.

रांजणानं दुष्काळ हटत नाही, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, आणि नळ रोज यावा म्हणून भांडायलाच हवं. पण मोठी कामंही अशाच हातांनी होतात. साक्री तालुक्यातलं, गावकऱ्यांनी जंगल राखलेलं बारीपाडा बघा. त्या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती योग्यच; पण कुऱ्हाडबंदी पाळताना मोळीचा मोह आवरणारे आणि बांधाला दगड वाहणारे हात अख्ख्या गावाचे होते. ते गाव ख्रिस्ती नाही. देव चांगली कामं फक्त आमच्याच लोकांकडून करून घेतो, असं मला कधी वाटलेलं नाही.

तुमच्या स्लिपांकडे येते. तुम्ही दुसऱ्याच्या वतीनं लिहिता, म्हणून हे मुद्दाम तुमच्यासाठी. ख्रिस्ती धर्मविचारावर ज्या पत्राचा सर्वात खोल ठसा आहे, ते बायबलमधलं रोमकरांस पत्र, म्हणजे रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं, येशूचा प्रेषित पौल यानं तोंडानं सांगितलं; लिहून घेणारा वेगळा होता. सोळा अध्याय त्यानं दुसऱ्याचे शब्द उतरवले. शेवटच्या अध्यायात, २२ व्या वचनात, तो एकदाच स्वतःचं बोलतो: हे पत्र लिहून देणारा मी, तर्तिय, माझाही तुम्हाला सलाम. बायबलमध्ये त्याच्याविषयी एवढंच आहे. उद्या काउंटरवर बसण्याआधी ते वचन एकदा उघडून वाचा.