एक पंजा नसताना जिम ॲबट बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा, कसा झाला?

जिमचा जन्म १९६७ सालचा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावचा. उजव्या हाताला जन्मापासून पंजाच नाही. तो डाव्या हाताने चेंडू टाकायचा. पण टाकल्यावर झेलायचा कसा? खरी गंमत इथेच आहे.

ग्लोव्ह, म्हणजे चेंडू झेलायचा हातमोजा, उजव्या हाताच्या टोकावर नुसता टेकवलेला. चेंडू सुटला रे सुटला की डावा पंजा झटकन ग्लोव्हमध्ये. चेंडू झेलला की ग्लोव्ह उजव्या काखेत दाबायचा, पंजा चेंडूसकट बाहेर ओढायचा आणि फेकायचा! घरी करून बघा, मग कळेल. लहानपणी भिंतीवर चेंडू मारून मारून त्याने हे घोटून घेतलं होतं. प्रतिस्पर्धी मुद्दाम हळूच टोलवून त्याला पळवायचे, तरी तो पुरून उरायचा.

१९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने अंतिम सामना जिंकला तेव्हा पिचर तोच होता. पुढच्याच वर्षी तो थेट मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, कॅलिफोर्निया एंजल्स संघाकडून. ४ सप्टेंबर १९९३ला, न्यूयॉर्क यांकीज संघाकडून खेळताना, क्लीव्हलँडच्या संघाला त्याने अख्ख्या सामन्यात एकही हिट (टोला मारून बेस गाठणं) मिळू दिली नाही. सगळंच छान झालं असं नाही; १९९६मध्ये तो तब्बल १८ सामने हरला. १९९९मध्ये निवृत्त झाला, पण त्याआधी त्याच वर्षी बॅटने दोन हिट मारून गेला.