रेनेसाँ: प्रबोधन की पुनरुज्जीवन?

प्रश्न असा आहे: युरोपच्या इतिहासावरच्या पुस्तकाचं भाषांतर करताना रेनेसाँ (चौदावं ते सोळावं शतक, कला-विद्येचा नवा बहर), रिफॉर्मेशन आणि एन्लायटनमेंट (अठरावं शतक, बुद्धिवादाचा काळ) हे तिन्ही शब्द येतात. मराठीत पहिल्याला आणि तिसऱ्यालाही 'प्रबोधन' लिहिलेलं आढळतं, शिवाय काहीजण रेनेसाँला 'पुनरुज्जीवन' म्हणतात. मग नेमकं काय वापरायचं?

मधल्याचा निकाल लगेच लागतो. रिफॉर्मेशन म्हणजे धर्मसुधारणा. १५१७ पासूनची, पोपविरुद्ध उभ्या राहिलेल्या लूथरची. मात्र प्रार्थना समाजाच्या संदर्भातही आपण हाच शब्द वापरतो, त्यामुळे पहिल्या उल्लेखात 'युरोपातली' जोडावं.

'पुनरुज्जीवन' शब्दशः सर्वांत जवळचं. फ्रेंच नावात 'पुन्हा जन्म' आहेच, आणि चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वाझारीने १५५० मध्ये कलेबद्दल लिहिताना 'रिनाशिता' हा त्याच अर्थाचा इटालियन शब्द वापरला होता. अख्ख्या युगाचं नाव म्हणून 'रेनेसाँ' रुजलं मात्र एकोणिसाव्या शतकात, मिशले (१८५५) आणि बुर्कहार्ट (१८६०) या इतिहासकारांच्या ग्रंथांमुळे. तेव्हा कादंबरीतल्या लिओनार्दोच्या तोंडी 'आमच्या या रेनेसाँत' असं काही घालू नये.

पण मराठीत 'पुनरुज्जीवनवादी' म्हटलं की जुनं ते सगळं परत आणू पाहणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि इथेच शब्द फसतो. जुने ग्रंथ शोधून काढले गेले हे खरंच. इटालियन कवी पेत्रार्काला १३४५ मध्ये वेरोनात प्राचीन रोमन वक्ता सिसेरोची पत्रं सापडली. फ्लॉरेन्समध्ये १३९७ पासून क्रिसोलोरास हा ग्रीक विद्वान ग्रीक शिकवू लागला. मात्र जुनं हाती आल्यावर ते तपासलंही गेलं. प्राचीन वैद्य गेलन सांगत होता की खालचा जबडा दोन हाडांचा. शरीररचनाशास्त्रज्ञ वेसालियसने माणसाची प्रेतं फाडून पाहिली आणि १५४३ च्या ग्रंथात ते एकच हाड असल्याचं दाखवलं. याला पुनरुज्जीवन कसं म्हणायचं?

इटालियन विद्वान लोरेन्झो वाल्लाचं उदाहरण तर शब्दवेड्यांसाठीच आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात पश्चिमेची सत्ता पोपला दिली, असं सांगणारी एक सनद होती. वाल्लाने १४४० मध्ये तिची लॅटिन चाळली. रोमच्या अधिकाऱ्यांत 'सत्रप' (इराणी प्रांताधिकारी) कुठून आले, असा त्याचा सवाल होता, कारण रोमच्या कारभारात हे पद नव्हतंच. अशा कितीतरी शब्दांवरून त्याने सनद बनावट ठरवली. लूथरने १५२० मध्ये वाल्लाचं हे लेखन वाचलं आणि तो हादरला. विद्या आणि धर्मसुधारणा यांचा सांधा दाखवायला याहून चांगला पुरावा शोधायला नको.

आता 'प्रबोधन'. मूळ धातू बुध्, म्हणजे जागणं, जाणणं. विष्णू जागा होतो ती कार्तिकातली प्रबोधिनी एकादशी. पण आजच्या मराठीत प्रबोधन होत नाही, ते केलं जातं: कीर्तनातून, व्याख्यानातून, ठाकऱ्यांच्या 'प्रबोधन'सारख्या नियतकालिकातून. कुणीतरी कुणालातरी जागं करतं. हा भाव एन्लायटनमेंटमधल्या फ्रेंच लेखक दिदरोच्या विश्वकोशाला (पहिला खंड १७५१) चपखल बसतो, फ्लॉरेन्सच्या चित्रकाराला नाही. तर्काने पाहिलं तर 'प्रबोधन' एन्लायटनमेंटला द्यायला हवं होतं. पण शाळेच्या इतिहासात रेनेसाँसाठी 'प्रबोधनयुग' इतकं रुळलं आहे की आता उलटापालट केल्यास वाचक हमखास गोंधळेल.

म्हणून माझं मत: रेनेसाँला 'प्रबोधनकाळ', एन्लायटनमेंटला 'ज्ञानोदय', आणि 'पुनरुज्जीवन' फक्त ग्रीक-लॅटिन विद्येपुरतं. चित्रकला-शिल्पकलेवरच्या लेखनात सरळ 'रेनेसाँ' ठेवावं, 'रेनेसाँ शैली' सगळ्यांना कळते. मूळ मजकुरात शब्द संदिग्ध असला तर शतक पाहावं: चौदावं ते सोळावं, इटलीपासून सुरुवात, तर प्रबोधनकाळ, अठरावं, व्होल्तेअर-कान्ट, तर ज्ञानोदय. एकाच पुस्तकात दोन्हींना 'प्रबोधन' लिहिलं की व्होल्तेअर मायकलअँजेलोच्या शेजारी जाऊन बसतो, आणि सूचीही बिघडते.

'रेनेसाँ मॅन'ला (अनेक विद्या-कलांत निपुण माणसाला) प्रबोधनपुरुष वगैरे करू नका, तो भलताच समाजसुधारक वाटेल, 'बहुविद्य' पुरे. एकोणिसाव्या शतकातल्या बंगालच्या रेनेसाँसाठी 'नवजागरण' चालेल. लेखनात 'रेनेसाँ' किंवा 'रेनेसान्स', एकच धरून ठेवा. 'रेनेसाँ'ला प्रत्यय सरळ लागतात: रेनेसाँचा, रेनेसाँत.