रोगप्रतिकारशक्ती वापरून कॅन्सर बरा करणारे नवे उपचार भारतात कधी येतील?

येतील काय, बडोद्यात आमच्या दांडिया बाजारातल्या घरात येऊन गेले.

बाबांना मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली आणि डॉक्टरांनी पुढे लिहून दिली बीसीजी. तीच, बाळाच्या दंडावर टोचतात ती. मोरालेस नावाच्या डॉक्टरांनी कॅनडात १९७६ साली याचे निष्कर्ष छापले, अमेरिकेत १९९० मध्ये मान्यता मिळाली. बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, म्हणाले, "मग सासरेबुवांना पोलिओचे दोन थेंबही पाजा!"

सहा मंगळवार. नळीतून औषध आत सोडायचं आणि दोन तास लघवी धरून ठेवायची. दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची: उताणं, डावी, पालथं, उजवी. मी मोबाइलवर गजर लावून शेजारी, आणि बाबा गजराला शिव्या देत. घरी सहा तास लघवी बसूनच, नंतर कमोडमध्ये ब्लीच ओतून पंधरा मिनिटं थांबायचं, मग फ्लश. आई नाकाला पदर लावून पहारा देई.

तिसऱ्या डोसनंतर ताप आला, आग होऊ लागली. भाऊजी गळोच्या, म्हणजे आपल्या गुळवेलीच्या, काड्या घेऊन हजर. "ते बंद करा, इम्युनिटी वाढवा." अहो, लसीतले जंतू हे आमिष. ते आत सूज आणतात, सैनिक पेशी धावून येतात आणि कॅन्सरच्या पेशींनाही झोडपतात. डॉक्टरांनी तपासून एक आठवडा थांबवलं, मग उरलेले तीन डोस पुरे केले.

"इम्युनिटी वाढवा" हा शब्दप्रयोगच मला खटकतो. कॅन्सरवरच्या ज्या शोधासाठी ॲलिसन आणि होन्जो या शास्त्रज्ञांना २०१८ चं नोबेल मिळालं, त्यात काही वाढवत नाहीत. टी-पेशी म्हणजे त्याच सैनिक पेशींपैकी एक. त्यांच्यावर ब्रेक असतो, कॅन्सर तोच दाबून बसतो, औषध तो सोडवतं. सुटलेली फौज कधी स्वतःच्याच थायरॉइडवर, आतड्यावर तुटून पडते. ही ताकद काढ्यात असती तर काढाही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळाला असता.

तुमच्या 'कधी'चं म्हणाल तर आयआयटी मुंबई आणि टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या नेक्सकार१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, बदलून परत सोडतात; पण ती काही रक्ताच्या कॅन्सरांसाठी. खरा अडसर पैशांचा आहे. म्हणून मला टाटाचाच दुसरा प्रयोग मोठा वाटतो: तोंड-घशाच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांना निव्होलुमॅब या ब्रेक सोडवणाऱ्या औषधाचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस जोडला. नेहमीचा २४० चा असतो. वर्षभर जगणारे शंभरात १६ होते, ते ४३ झाले.

हो, बीसीजी सगळ्यांना लागू पडत नाही. कॅन्सर स्नायूत शिरला असेल तर ती नाही, प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांनाही नाही.

भाऊजी, वाचत असाल तर बाबांची परवाची दुर्बीणही स्वच्छ आली. तुमच्या काड्या मी तेव्हाच कुंडीत खोचल्या होत्या, आता वेल गच्चीपर्यंत गेलाय.