विमानतळावर सुरक्षेची नोकरी हवी आहे?

आधी एक ठरव: सरकारी वर्दी की एअरलाइनची सिक्युरिटी? प्रवाशांची झडती घेतात ते बहुतेक मोठ्या विमानतळांवर सीआयएसएफचे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान. ती शिपाई भरती स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या जीडी (जनरल ड्युटी) परीक्षेतून होते. धावणं, छाती, उंची सगळं आलं. आणि पोस्टिंग विमानतळावरच मिळेल असं नाही, कोळसा खाणीवरही जावं लागतं. रेल्वेचं आरपीएफ वेगळं, त्याची भरतीही वेगळी.

एअरलाइनमध्ये चेक-इन सामान तपासणं, विमानाच्या शिडीपाशी पहारा अशी कामं असतात. तिथे कंपनीच नेमणुकीनंतर अ‍ॅवसेक, म्हणजे विमान सुरक्षेच्या प्रशिक्षणाला पाठवते. म्हणून 'कोर्स करा, नोकरी पक्की' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नकोस. पोलीस पडताळणीशिवाय विमानतळात जायचा पासच मिळत नाही, तेव्हा कुठलीही केस अंगावर घेऊ नकोस.

स्क्रीनर, म्हणजे एक्स-रे मशीनवर सामान तपासणारा, व्हायचं तर नजर पक्की हवी. सेंद्रिय वस्तू पडद्यावर नारिंगी, धातू निळा. मधूनच मशीन बॉम्बचं खोटं चित्र घुसवतं, तू पकडतोस का ते बघायला! चेक-इन बॅगेत पॉवर बँक रोज सापडते, आणि आपल्या माणसांचं सुकं खोबरंही. तेही चालत नाही, पेट घेऊ शकतं. हे आजीबाईंना न चिडता सांगता आलं पाहिजे. मुलाखतीत हिंदी-इंग्रजी बोलणं बघतात ते त्यासाठीच.